पडद्याकडे पाठ

लेडीजच्या काकू रोज टॉकीजमध्ये असायच्या, बाराच्या खेळाला आणि तीनच्या खेळाला, सणवार धरून. पण त्यांनी सिनेमा म्हणून काही बघितलाच नाही. त्या बसायच्या पडद्याकडे पाठ करून. लेडीज क्लासच्या पहिल्या रांगेपुढे त्यांचं लाकडी स्टूल, आणि तोंड आम्हां बायकांकडे. पडद्यावर घोडे दौडोत, घर जळो, नाहीतर नायिका कड्यावरून उडी मारो, काकू ढिम्म. मान म्हणून वळवायच्या नाहीत. लहानपणी मला याचा इतका धक्का बसला होता की मी एकदा त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरून पडद्याकडे फिरवायला गेले. त्यांनी माझे हात अलगद बाजूला केले आणि म्हणाल्या, "पोरी, सिनेमा महिनाभर तोच असतो. बायका रोज नव्या असतात." मला काही कळलं नाही. मी परत सिनेमा बघायला लागले.

आता ज्यांनी लेडीज क्लास बघितलाच नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या अलीकडे, तेव्हा टॉकीजचा रस्ता होता. पोहे-जलेबीचे ठेले, पानाच्या टपऱ्या, पोस्टर लावून फिरणारे तांगे, आणि त्या गर्दीत पुरुषांचा असा काही धक्काबुक्कीचा बाजार, की कुणी बाई तिकिटाच्या रांगेत उभी राहील तर शपथ. म्हणून बायकांची खिडकी वेगळी, जिना वेगळा, बाल्कनीची एक बाजू पडदा लावून वेगळी केलेली, आणि जिन्याच्या तोंडाशी काकू. तिथे पुरुषाचं पाऊल पडायचं नाही. मारवाडणी यायच्या, सिंधी बायका यायच्या, रंगीत बुरख्यासारखा रिदा घातलेल्या बोहरी बायका यायच्या, आणि आमच्या मराठी बायका तर भाजीच्या पिशव्यांसकट. घरून देवळाला निघालेली बाई दुपारी इथे उतरलेली असायची. माझी आई भजनाला निघायची.

आमचे बाबा बँकेच्या नोकरीत नागपूरहून आले आणि उज्जैनचेच झाले. माणूस सज्जन, पण सिनेमा म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी. सिनेमा फालतू लोकांसाठी असतो, असं ते एकदा म्हणाले होते आणि आमच्या घरात एकदा म्हटलेलं पुरत असे. त्यामुळे आईचा मंगळवारचा भजनाचा वर्ग वर्षानुवर्षं चालला. तिला एक अभंग धड येत नव्हता, हे बाबांच्या कधी लक्षात कसं आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

काकू स्वतः जुन्या शहरातल्या एका नामांकित घराण्याच्या सून. शिंद्यांच्या चाकरीत ते लोक माळव्यात आले, मोठी मोठी कामं सांभाळली, आणि नंतर नुसतं आडनाव सांभाळत बसले. काकूंचे यजमान टॉकीजमध्ये ऑपरेटर, मशिनवर फिल्म चढवणारे. घरच्यांनी तेव्हाच त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ते अचानक गेले, तेव्हा टॉकीजच्या म्हाताऱ्या सेठजींनी काकूंना हे स्टूल दिलं, मागच्या अंगणातली एक खोली दिली आणि शब्द दिला की टॉकीज उभी आहे तोवर तुम्ही इथल्याच. मराठी विधवा बाई, आणि टॉकीजच्या दारावर! अहो, नुसता हाहाकार. हळदीकुंकवाला तर त्यांना तसंही कुणी बोलावलं नसतं, पण आता डोहाळजेवणाला, बारशालाही बोलवेनात. आणि मजा अशी, की बोलावणं बंद करणाऱ्या निम्म्या बायका मॅटिनीला त्यांच्या जिन्यावरून वर चढायच्या.

वर गेलं की पॅसेजमध्ये दोन खांबांना बांधलेली झोळी दिसायची. जुन्या नऊवारीची, धुऊन धुऊन मऊ झालेली. सिनेमात पोर रडलं की आई बसल्या जागेवरून ते पुढे द्यायची आणि ते हातोहात काकूंकडे पोचायचं. काकू त्याला बाहेर झोळीत घालून झोका द्यायच्या, बाटलीतलं दूध पाजायच्या, ओलं केलं तर बदलायच्या. कधी दोन, कधी तीन पोरं एकाच झोळीत आडवी उभी कोंबलेली. मीही त्याच झोळीत वाढले म्हणा ना. मुलगे चांगले नऊ-दहा वर्षांचे होईपर्यंत लेडीजमध्ये चालत. त्यानंतर काकूच त्यांना दारावर अडवायच्या आणि म्हणायच्या, "आता तू पुरुष झालास रे राजा. जा, त्या दारानं जा." पोरगा फुगायचा आणि तिकडे जायचा.

काकूंचा एक नियम होता, आणि तो मी फार वाईट तऱ्हेने शिकले. एकदा टावर चौकात आई, बाबा आणि मी भाजी घेत होतो. समोर काकू! मी बाबांचा हात सोडून धावले आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की कुणाचं हे पोर. मग भाजीवाल्याला म्हणाल्या, "भैया, किसकी बच्ची है? गुम हो जाएगी." आणि मेथीची जुडी उचलून चालत्या झाल्या. मी भर चौकात भोकाड पसरलं. मला खरंच वाटलं, या काकू नव्हेतच. पुढच्या मंगळवारी त्यांनी मला झोळीपाशी बसवलं, लिमलेटची गोळी हातात दिली आणि समजूत घातली. "दारातली ओळख दारातच ठेवायची. बाहेर मी तुझ्या आईला ओळखत नाही, आणि तुलाही नाही. ओळखलं, तर उद्या ती येईल का?" मी गोळी चघळत मान डोलावली.

हा नियम त्यांनी कसा पाळला, तेही मी पाहिलंय. बँकेत कुणीतरी बाबांच्या कानाला लागलं की वहिनींना टॉकीजच्या जिन्यावर बघितलं. बाबा भर दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथे आले. मी पॅसेजमध्ये होते. खालून बाबांचा आवाज ऐकला आणि मी झोळीमागे दडले. बाबा विचारत होते, अमुक अमुक बाई वर आहेत का. काकू जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या की साहेब, हा बायकांचा जिना आहे, वर बायका आहेत, कुणाचं नाव मी कधी विचारत नाही. बाबा म्हणाले, मग मी थांबतो. थांबा की, म्हणून काकूंनी त्यांना आपलं खालचं बाकडं झटकून दिलं, प्यायला पाणी दिलं, वर आल्या, आणि आईला न् मला मागच्या लोखंडी जिन्यानं अंगणात उतरवलं. बाबा सिनेमा सुटेपर्यंत बसले आणि संध्याकाळी घरी आले तेव्हा आई कोथिंबीर निवडत होती. लोक काय वाट्टेल ते बोलतात, एवढंच ते म्हणाले.

पाठ करून बसण्याचं कारण मला मोठी झाल्यावर उमगलं. बायका तिथे नुसता सिनेमा बघायला येत नव्हत्या, रडायला येत होत्या. घरात रडायला जागा कुठे असते? काकू म्हणायच्या, "अंधारात रडते ती सिनेमासाठी. इंटरवलला दिवे लागल्यावरही जिचं थांबत नाही, तिच्याकडे बघावं लागतं." अशा बाईला त्या झोळीपाशी घेऊन जायच्या, एखादं पोर तिच्या मांडीवर द्यायच्या, आणि जरा सांभाळ बाई, मला चहा घ्यायचाय, म्हणून निघून जायच्या. त्या बाईचं काय दुखतंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. आईलाही त्यांनी एकदा असं पोर सांभाळायला दिलं होतं. कशासाठी ते मला माहीत नाही, मी फक्त बघितलं.

मग नव्वदीची वर्षं आली आणि जे झालं ते इतक्या भराभर झालं, की डोळे चोळेपर्यंत रस्ता बदलला. फ्रीगंजच्या खांबाखांबावरून केबलच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या. घरोघर रंगीत टीव्ही, दुपारभर मालिका. टावर चौकात मशिनमधलं सॉफ्टी आईस्क्रीम आलं, रेडीमेड कपड्यांची काचेची दुकानं आली, आणि बायका दुपारच्या घरीच बसून रडायला लागल्या. लेडीज क्लासमध्ये आधी निम्म्या खुर्च्या रिकाम्या, मग सगळ्याच. म्हातारे सेठजी वारले. त्यांचे चिरंजीव, ज्यांना सगळे छोटे सेठ म्हणायचे, इंदूरहून शिकून आलेले. त्यांनी बाल्कनीची ती बाजू भिंत घालून तोडली आणि कॉम्प्युटर क्लासला भाड्याने दिली. आईही त्या सुमारास भजनाला जायची थांबली.

त्या क्लासमध्ये मी जायला लागले. बी.ए. झालं होतं, कॉम्प्युटर शिकलं की नोकरी मिळते असं सगळे म्हणत होते. चपला बाहेर काढून, देवळात जावं तसं, थंडगार खोलीत शिरायचं. झोळीच्या जागी पंख्याएवढा आवाज करणारं यूपीएस. पहिल्या दिवशी मला हसावं की रडावं कळेना. आणि सुटल्यावर खाली उतरले तर जिन्यातच थिजले. टॉकीजच्या मुख्य दारावर असं एक पोस्टर, की नजर कुठे ठेवावी हा प्रश्न. मॉर्निंग शो! छोटे सेठनी सकाळच्या खेळाला ते तसले सिनेमे सुरू केले होते. आणि त्या पोस्टरच्या बरोब्बर खाली, पांढऱ्या सुती पातळाचा पदर खोचून तिकिटं फाडत उभ्या होत्या लेडीजच्या काकू.

छोटे सेठनी नोकर कमी केले होते. काकूंना काढता येत नव्हतं, वडिलांचा शब्द होता आणि टॉकीजचे जुने लोक तो विसरू देत नव्हते. म्हणून त्यांना लाजून आपणहून जाण्यासाठी या दारावर उभं केलं होतं. जातील कुठे? खोली टॉकीजची, पोट टॉकीजवर. मला वाटलं, काकू मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या असतील. पण काकूंकडे बघून तसं काही वाटेना. त्या इथेही पडद्याकडे पाठ करून, येणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

पुढचं मी जिन्याच्या कठड्याला टेकून बघितलं. कॉलेजचं एक टोळकं आलं, तोंडाला रुमाल बांधून. पहिल्यानं तिकीट पुढे केलं. काकूंनी ते फाडलं, अर्धं त्याच्या हातात ठेवलं आणि हात तसाच धरून ठेवला.

"तू माझ्या झोळीतला ना रे?"

"नहीं आंटी, मैं वो नहीं."

"शेंगदाणे सांडायचास सगळीकडे. किती मोठा झालास! जा, बघ सिनेमा. आईला माझा नमस्कार सांग."

पोराचा चेहरा रुमालाआडूनही पांढरा पडलेला दिसला. तो आत गेलाच नाही. मागचे दोघेही रांगेतून गळाले. बघा हं, काकूंनी कुणाच्या आईचं नाव घेतलं नव्हतं. नियम मोडला नव्हता. पण तो नमस्कार पोरानं घरी कसा पोचवायचा? पोचवला तर आई विचारणार, त्या तुला कुठे भेटल्या. आणि पोरानं उलट विचारलं, की तुला त्या कशा माहीत, तर आई काय सांगणार? मी हसून हसून कठड्यावर वाकले. नंतर हसू ओसरलं आणि मला भीती वाटायला लागली, कारण मागच्या रांगेत माझ्या ओळखीचे चेहरे दिसले. चांगल्या घरचे, स्कॉलर म्हणून मिरवणारे.

रोज हेच. फ्रीगंजमधली अर्धी तरणी पोरं त्या झोळीतून गेलेली. कुणाला दूध पाजलेलं, कुणाला गोवर असताना मांडीवर घेऊन बसलेल्या. सगळ्यांना एकच निरोप, आईला नमस्कार सांग. महिन्याभरात मॉर्निंग शो ओस पडायला लागला. छोटे सेठ माझ्यादेखत काकूंना म्हणाले, "काकूजी, आप बस टिकट फाड़ो. ये नमस्ते-वमस्ते घर मत भेजो." काकू म्हणाल्या, मी काय शिवी दिली का कुणाला, नमस्कारच तर सांगितला. सेठ दात-ओठ खात आत गेले. त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं.

ते निमित्त आमच्या महिला मंडळानं त्यांना ताटात वाढून दिलं. बैठक आमच्याच घरी झाली. मला वाटलं, त्या पोस्टरांविरुद्ध बोलणार, आणि मी उत्साहानं चहा केला. कसलं काय! अध्यक्षबाई म्हणाल्या, असले सिनेमे काय, सगळ्या देशात चालू आहेत, आपण कुठे कुठे पुरे पडणार. पण आपल्या समाजाची बाई, तीही एवढ्या मोठ्या घराण्यातली, तसल्या दारावर उभी राहते, यानं आपलं नाव जातं. तिला तिथून काढायला लावू. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षबाईंचे दोन्ही मुलगे झोळीत झोपलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते. स्वयंपाकघरात आईला गाठून मी म्हटलं, "आई, तू तरी?" आई म्हणाली, "हळू बोल. बाबा घरात आहेत."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बायका ठेवणीतली पातळं नेसून टॉकीजवर गेल्या. आई होती. मी जिन्यात होते. छोटे सेठनी खुर्च्या मांडल्या, थंडा मागवला. अध्यक्षबाईंनी हिंदीत भाषण केलं. सेठनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आप लोगों की भावना सर आँखों पर. माताजी को आज ही छुट्टी." असा पटकन होकार मिळेल असं बायकांना वाटलं नव्हतं. त्या खूश झाल्या. अहो, त्या माणसाच्या पायातला काटा तुम्ही काढून देताय, एवढी साधी गोष्ट एकीच्याही डोक्यात येऊ नये?

काकू तीन पावलांवर तिकिटांचे तुकडे हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, सावकाश. अध्यक्षबाई थंड्याच्या बाटलीत बघायला लागल्या. आईचे कान लालबुंद झाले. मला वाटलं, आता काकू बोलणार. एक वाक्य, फक्त एक, आणि या सगळ्याजणींना घरी जायला तोंड राहिलं नसतं. सेठनीच उगाच डिवचलं, पहचानती हो ना माताजी, आपके ही समाज की हैं. काकू म्हणाल्या, "असतील. मी यांतल्या कुणालाच ओळखत नाही." तुकडे डब्यात टाकले, हात झटकले आणि मागच्या अंगणात सामान बांधायला गेल्या.

त्या शुक्रवारी मॉर्निंग शो हाउसफुल्ल. रांग पार रस्त्यावर. अध्यक्षबाईंचा धाकटा रुमाल न बांधता उभा होता, आता कशाला रुमाल? मी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. आईनं गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसली. भाजी कच्चीच राहिली त्या दिवशी.

त्यानंतर काही महिन्यांनी, सोमवती अमावास्येला, आम्ही तिघं राम घाटावर गेलो. ही गर्दी. पायऱ्यांवर एका पंडाजींच्या छत्रीखाली एक बाई नदीकडे पाठ करून बसली होती. भोवती आंघोळीला गेलेल्या बायकांची गाठोडी, आणि मांडीवर कुणाचं तरी तान्हं. मी ओळखायच्या आधी आईनं ओळखलं. ती गर्दीतून वाट काढत सरळ पुढे गेली. बाबा कोरड्या कपड्यांची पिशवी घेऊन मागोमाग. आईनं काकूंपुढे हात जोडले. माझी आई, जिनं जन्मभर आवाज चढवला नाही, ती बाबांच्या देखत, लोकांच्या देखत स्वच्छ बोलली.

"काकू, मी दर मंगळवारी यायचे तुमच्या जिन्यानं. भजन नव्हतं कुठलं. हे बाकड्यावर बसले होते, तेव्हाही मी वरच होते. मला ओळखा हो काकू."

बाबांच्या हातातली पिशवी खाली आली.

काकूंनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, की हसू नव्हतं. "नाही हो बाई," त्या म्हणाल्या, "तुमची काहीतरी चूक होतेय. त्या जिन्यानं वर गेलेली एकही बाई मला आठवत नाही."

तो त्यांचा नियम होता, की शिक्षा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आई तशीच हात जोडून उभी. मांडीवरचं तान्हं चुळबुळलं, काकूंनी त्याला थोपटलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्यांनी हात लांब करून माझा गाल धरला.

"तू मात्र माझ्या झोळीतली. माझं तोंड फिरवायला निघाली होतीस. किती मोठी झालीस गं!" गालावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आईला माझा नमस्कार सांग."

आई माझ्या शेजारीच उभी होती.